खेळाडू चांगला, पण कितीला? आइस हॉकीच्या उन्हाळी वादांमागचे गणित

नॅशनल हॉकी लीग, म्हणजेच एनएचएल, ही उत्तर अमेरिकेतील आइस हॉकीची सर्वांत मोठी व्यावसायिक स्पर्धा आहे. तिच्यात ३२ संघ खेळतात. त्यांतले २५ अमेरिकेचे आणि ७ कॅनडाचे. ऑक्टोबरमध्ये सुरू झालेला हंगाम जूनमध्ये स्टॅनली चषकाच्या अंतिम मालिकेने संपतो, आणि त्यानंतरचे काही आठवडे बर्फावर एकही सामना नसताना चाहत्यांमधले वाद मात्र ऐन रंगात येतात. जूनच्या अखेरीस नव्या खेळाडूंची निवड, म्हणजे ड्राफ्ट, होते, त्याच सुमारास नकोसे झालेले करार मोडले जातात आणि १ जुलैला करार संपलेल्या खेळाडूंचा बाजार उघडतो. कोणाला ठेवावे, कोणाला सोडावे, कोणाच्या बदल्यात कोणाला आणावे, यावर प्रत्येक चाहत्याचे ठाम मत असते.

नव्या वाचकाला हा वाद 'कोणता खेळाडू श्रेष्ठ' एवढ्यापुरता वाटतो, पण तो समज लवकर सोडून द्यावा लागतो. खेळाडू चांगला आहे याबद्दल बहुधा दोन्ही बाजूंचे एकमतच असते. खरा मतभेद असतो तो त्याला किती पैसे द्यायचे, किती वर्षांसाठी द्यायचे आणि त्यापायी दुसऱ्या कोणाला गमवायचे यावर. हे तिन्ही प्रश्न एका नियमातून जन्मलेले आहेत.

वेतनमर्यादा नावाचे कुंपण

तो नियम म्हणजे सॅलरी कॅप, अर्थात वेतनमर्यादा. मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील तिढ्यामुळे २००४-०५ चा संपूर्ण हंगाम रद्द झाला आणि त्यातून जो समझोता निघाला, त्याने प्रत्येक संघाच्या वेतनखर्चावर एकसारखी कमाल मर्यादा घातली. २००५-०६ मध्ये ती ३ कोटी ९० लाख डॉलर होती. २०२५-२६ मध्ये ती ९ कोटी ५५ लाख डॉलर झाली. कमाल मर्यादेसारखीच किमान मर्यादाही असते, आणि त्याच हंगामात ती ७ कोटी ६ लाख डॉलर होती. म्हणजे श्रीमंत मालकाला हवे तेवढे तारे विकत घेता येत नाहीत आणि कंजूष मालकाला अगदीच स्वस्तातला संघ उतरवता येत नाही. काही लीगमध्ये दंड भरून मर्यादा ओलांडण्याची मुभा असते. इथे ती नाही. उन्हाळ्यात मर्यादेच्या दहा टक्के वर जाण्याची सवलत आहे खरी, पण हंगाम सुरू होताना हिशोब जुळलाच पाहिजे.

इथे एक बारकावा ध्यानात ठेवावा लागतो. मर्यादेत मोजली जाते ती कराराची वार्षिक सरासरी. आठ वर्षांचा ८ कोटी डॉलरचा करार असेल, तर खेळाडूच्या हाती पहिल्या वर्षी कितीही रक्कम पडो, संघाच्या खात्यावर दर वर्षी एक कोटीच मांडले जातात. या आकड्याला 'कॅप हिट' म्हणतात आणि चाहत्यांच्या बोलण्यात 'तो महाग आहे' असे येते तेव्हा अभिप्रेत असतो तो हाच आकडा.

हंगामात संघाकडे जास्तीत जास्त २३ खेळाडू ठेवता येतात. त्यांपैकी प्रत्येक सामन्यात २० जण गणवेश चढवतात: सामान्यतः १२ आघाडीपटू, ६ बचावपटू आणि २ गोलरक्षक. आघाडीपटू तिघातिघांच्या चार फळ्यांत आणि बचावपटू तीन जोड्यांत विभागलेले असतात. एखादा तारा कितीही मोठा असला तरी तो ६० मिनिटांच्या सामन्यात जेमतेम वीस-बावीस मिनिटे बर्फावर असतो. उरलेला वेळ इतरांनी निभवायचा असतो. त्यामुळे तिसऱ्या फळीतल्या सेंटरवरूनही (म्हणजे फळीत मध्ये खेळणाऱ्या आघाडीपटूवरूनही) चाहते हातघाईवर येतात.

टोरांटो मेपल लीफ्सचे उदाहरण या संदर्भात पाठ्यपुस्तकात घालावे असे आहे. २०१९-२० ते २०२३-२४ या पाच हंगामांत ऑस्टन मॅथ्यूज, जॉन टवारेस, मिच मार्नर आणि विल्यम नायलँडर या चौघांचा मिळून कॅप हिट सुमारे ४ कोटी ५ लाख डॉलर होता. करार झाले तेव्हा मर्यादा दर वर्षी वाढत जाईल असे गृहीत धरले होते, पण महासाथीमुळे ती सलग तीन हंगाम ८ कोटी १५ लाखांवर गोठली. परिणामी चार आघाडीपटूंवर निम्मी तिजोरी गेली आणि बचावपटू, गोलरक्षक व मागच्या फळ्या उरलेल्या निम्म्यात बसवाव्या लागल्या. त्या पाच हंगामांत टोरांटोने बाद फेरीतली एकच मालिका जिंकली, २०२३ मध्ये. चौघेही उत्तम खेळाडू होते हे त्यांच्या टीकाकारांनाही मान्य होते, म्हणूनच तो वाद इतका चिघळला. मर्यादा वाढली असती तर हेच करार सुज्ञपणाचे ठरले असते, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे मला बरेचसे पटते. मात्र चारही मोठे करार आघाडीपटूंनाच देण्याचा निर्णय महासाथीने घेतला नव्हता.

खेळाडू कोणाचा आणि किती काळ

दुसरी गोष्ट वयाची. अठराव्या वर्षी निवडला गेलेला खेळाडू सामान्यतः तीन वर्षांचा पहिला करार करतो आणि त्याच्या मूळ पगाराला दहा लाख डॉलरच्या आसपास कमाल मर्यादा असते. हा करार संपल्यावर तो मुक्त होत नाही. त्याला 'मर्यादित मुक्त खेळाडू' म्हणतात. मूळ संघाने ठरावीक रकमेचा प्रस्ताव दिला की त्याच्यावरचा हक्क त्या संघाकडेच राहतो. पूर्णपणे मुक्त होण्यासाठी त्याला वयाची २७ वर्षे किंवा लीगमधले सात हंगाम पूर्ण करावे लागतात.

यातून एक विचित्र विसंगती तयार होते. आघाडीपटू आपल्या सर्वोत्तम खेळाच्या जवळ पोहोचतो तो विशीच्या मध्यावर, म्हणजे त्याचे हातपाय नियमांनी बांधलेले असताना. आणि बाजारात मनासारखी किंमत मागण्याचे स्वातंत्र्य त्याला मिळते ते उतार लागण्याच्या बेतात असताना. १ जुलैला सात वर्षांचा करार करणारा संघ खेळाडूच्या मागच्या पाच वर्षांची किंमत पुढच्या सात वर्षांसाठी मोजत असतो.

२०२४ मध्ये नॅशव्हिल प्रिडेटर्सने एकाच दिवशी स्टीव्हन स्टॅमकोस, जोनाथन मार्शेसो आणि ब्रेडी शे या तिघांना करारबद्ध केले, तेव्हा उन्हाळा कोणी जिंकला यावर फारसे दुमत नव्हते. स्टॅमकोसला चार वर्षांसाठी दर वर्षी ८० लाख डॉलर मिळाले; तो ३४ वर्षांचा होता आणि मार्शेसो ३३ वर्षांचा. पुढच्या हंगामात नॅशव्हिल गुणतक्त्यात तळाच्या तीन संघांत होते.

पण याच मुद्द्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. फ्लोरिडा पँथर्सने १ जुलै २०१९ रोजी गोलरक्षक सर्गेई बोब्रोव्हस्कीला सात वर्षांसाठी दर वर्षी एक कोटी डॉलर दिले, आणि सुरुवातीच्या हंगामांत हा करार लीगमधल्या सर्वांत वाईट करारांच्या यादीत हमखास असे. त्याच बोब्रोव्हस्कीने २०२३ मध्ये संघाला अंतिम मालिकेपर्यंत नेले, तर २०२४ आणि २०२५ मध्ये चषक मिळवून दिला. आता त्या करारावर हसणारा कोणी सापडत नाही. मग मूळ टीका चुकीची होती का? माझ्या मते नव्हती. तिशीतल्या गोलरक्षकाला एवढी रक्कम देणे जोखमीचेच होते. ती जोखीम फळली, एवढेच. निर्णय आणि निकाल यांत फरक करणारा चाहता या वादांत विरळाच भेटतो.

मर्यादित मुक्त खेळाडूला दुसऱ्या संघाने थेट करार देऊ करण्याची एक वाटही नियमांत आहे. तिला 'ऑफर शीट' म्हणतात. खेळाडूने सही केली की मूळ संघाला सात दिवस मिळतात: एकतर तोच करार स्वतः द्यायचा, नाहीतर खेळाडू सोडून भरपाई म्हणून ड्राफ्टमधील निवडहक्क घ्यायचे. रक्कम जितकी मोठी, तितकी भरपाई जास्त. ही वाट क्वचित वापरली जाते, कारण महाव्यवस्थापकांमध्ये ती असभ्य समजली जाते, अशी चाहत्यांची जुनी तक्रार आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये सेंट लुईस ब्लूजने ही असभ्यता मोठ्या कौशल्याने केली. एडमंटन ऑयलर्स नुकतेच अंतिम मालिकेचा सातवा सामना हरले होते, त्यांनी जुलैमध्ये अनुभवी खेळाडूंवर पैसे खर्च केले होते आणि वेतनमर्यादेत त्यांच्याकडे जागा उरली नव्हती. सेंट लुईसने त्यांच्या दोन तरुण खेळाडूंना एकाच दिवशी करार देऊ केले: बचावपटू फिलिप ब्रोबर्गला दर वर्षी सुमारे ४५ लाख ८० हजार डॉलर आणि आघाडीपटू डिलन हॉलोवेला सुमारे २२ लाख ९० हजार डॉलर, दोघांनाही दोन वर्षांसाठी. हे आकडे हवेतून आलेले नव्हते. पहिला आकडा दुसऱ्या फेरीच्या निवडहक्काच्या भरपाईची वरची सीमा होती आणि दुसरा तिसऱ्या फेरीच्या भरपाईची. एक डॉलर वाढवला असता तरी भरपाई वाढली असती. भरपाईत संघाला स्वतःचाच निवडहक्क द्यावा लागतो, म्हणून सेंट लुईसने आपला पूर्वी दिलेला दुसऱ्या फेरीचा हक्क आधी पिट्सबर्गकडून परत मिळवला होता. एडमंटनने सात दिवस विचार केला आणि दोघांनाही सोडले. त्या हंगामात हॉलोवेने ६३ गुण मिळवले. (हॉकीत गोल आणि गोलसाठीचा पास या दोन्हींना एकेक गुण मिळतो.) जुलैमधल्या खरेदीवर खूश झालेल्या एडमंटनच्या चाहत्यांना त्या खरेदीची पूर्ण किंमत ऑगस्टमध्ये कळली.

अदलाबदलीत काय काय तोलले जाते

दोन संघ खेळाडूंची अदलाबदल करतात तेव्हा फक्त कौशल्याची तुलना करून भागत नाही. कराराची उरलेली वर्षे, वय, मैदानावरची जागा आणि खेळाडूची इच्छा हे सगळे त्या सौद्यात आलेले असते.

जागेचे महत्त्व समजण्यासाठी जून २०१६ मधला एक सौदा पाहावा. एडमंटनने टेलर हॉल हा आपला सर्वांत धारदार विंगर, म्हणजे कडेने खेळणारा आघाडीपटू, न्यू जर्सी डेव्हिल्सला दिला आणि त्याच्या बदल्यात फक्त ॲडम लार्सन हा बचावपटू घेतला. एडमंटनमध्ये हाहाकार झाला. पुढे २०१८ मध्ये हॉलला लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू म्हणून हार्ट चषक मिळाला आणि हा सौदा एकतर्फी असल्याचे मत पक्के झाले. मात्र लार्सन हा उजव्या हाताने स्टिक धरणारा बचावपटू होता, आणि असे बचावपटू लीगमध्ये कमी असतात. त्यांच्या टंचाईमुळे त्यांचा भाव त्यांच्या गुणसंख्येपेक्षा कायम चढा राहतो. तो आल्यानंतरच्या पहिल्याच हंगामात एडमंटनने २००६ नंतर प्रथमच बाद फेरी गाठली. तरीही किंमत फारच मोजली गेली, असेच मला वाटते. पण 'विंगर देऊन बचावपटू कशाला घ्यायचा' हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

जुलै २०२२ मधला कॅल्गरी फ्लेम्स आणि फ्लोरिडा यांच्यातला सौदा तर वर्षानुवर्षे उकरून काढला जाईल. मॅथ्यू कचक २४ वर्षांचा होता, १०४ गुणांचा हंगाम करून आला होता आणि पूर्ण मुक्त व्हायला त्याला एकच वर्ष उरले होते. आपण कॅल्गरीशी दीर्घ करार करणार नाही, असे त्याने सांगून टाकले. म्हणजे कॅल्गरीला त्याला विकणे भाग होते आणि हे सगळ्यांना माहीत होते. अशा अडचणीच्या स्थितीत त्यांनी ११५ गुण मिळवलेला जोनाथन ह्युबर्डो, भरवशाचा बचावपटू मॅकेन्झी वीगर, एक तरुण खेळाडू आणि पहिल्या फेरीचा निवडहक्क एवढे पदरात पाडून घेतले. त्या दिवशी अनेकांनी कॅल्गरीच्या व्यवस्थापनाची पाठ थोपटली, आणि त्या दिवशीच्या माहितीवर ती थोपटण्याजोगीच होती. नंतर कॅल्गरीने २९ वर्षांच्या ह्युबर्डोला आठ वर्षांसाठी दर वर्षी १ कोटी ५ लाख डॉलर दिले. पुढच्याच हंगामात त्याचे गुण ५५ वर आले, आणि एका हंगामातून दुसऱ्या हंगामात झालेली एवढी मोठी घसरण लीगच्या इतिहासात आधी कधी झाली नव्हती. तिकडे कचकने फ्लोरिडाला सलग तीन अंतिम मालिकांत नेले. माझा कौल असा की सौदा वाजवी होता आणि चूक त्यानंतरच्या करारात झाली. हे दोन निर्णय वेगळे होते, पण वादांत ते नेहमी एकात मिसळले जातात.

खेळाडूच्या इच्छेचा मुद्दा करारातल्या एका कलमाशीही जोडलेला असतो. ज्येष्ठ खेळाडू आपल्या करारात 'माझ्या संमतीशिवाय मला हलवता येणार नाही' अशी अट घालून घेऊ शकतात. मार्नरच्या करारात ती होती. त्यामुळे त्याला आधीच विकायला हवे होते, हे म्हणणे सोपे असले तरी त्याच्या होकाराशिवाय ते शक्य नव्हते. अखेर ३० जून २०२५ रोजी त्याने टोरांटोशीच दर वर्षी १ कोटी २० लाखांचा आठ वर्षांचा करार केला आणि लगेच तो वेगास गोल्डन नाइट्सकडे गेला. टोरांटोला बदल्यात निकोला रॉय हा सेंटर मिळाला. हा द्राविडी प्राणायाम करण्याचे कारण साधे होते: त्या वेळच्या नियमानुसार आठ वर्षांचा करार फक्त स्वतःच्या संघाशी करता येत असे, इतरांशी सात वर्षांचाच.

वेगास नेवाडा राज्यात आहे आणि तिथे राज्याचा आयकर नाही. फ्लोरिडा, टेक्सास आणि टेनेसीतही नाही. त्यामुळे या राज्यांतील संघांना खेळाडू कमी पगारात मिळतात आणि ही स्पर्धा अन्यायाची आहे, अशी कॅनडातल्या चाहत्यांची तक्रार असते. तक्रारीत तथ्य आहे, पण ती ताणली फार जाते. फ्लोरिडात २००१ ते २०१९ या काळातही राज्याचा आयकर नव्हताच, आणि त्या काळात पँथर्स फक्त दोनदा बाद फेरीत पोहोचले.

मोडलेले करार आणि दुखापतीचे खाते

चुकलेला करार मोडता येतो, पण फुकट नाही. २६ वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या खेळाडूला उरलेल्या पगाराच्या दोन-तृतीयांश रक्कम द्यावी लागते, आणि ती उरलेल्या वर्षांच्या दुप्पट काळात विभागून दिली जाते. या काळात खेळाडू नसला तरी त्याचा काही भार वेतनमर्यादेवर राहतो. मिनेसोटा वाइल्डने २०१२ मध्ये झॅक परीझी आणि रायन सूटर यांना प्रत्येकी १३ वर्षांचे, ९ कोटी ८० लाख डॉलरचे करार दिले होते. २०२१ मध्ये दोन्ही मोडले, आणि २०२३-२४ व २०२४-२५ या दोन हंगामांत संघात नसलेल्या या दोघांपायी मिनेसोटाचे दर वर्षी सुमारे १ कोटी ४७ लाख डॉलर अडकून पडले. 'मोडून टाका तो करार' असे उन्हाळ्यात कोणी म्हणाले की मिनेसोटाचे नाव निघतेच.

दुखापतीचा नियम यापेक्षा अधिक वादग्रस्त ठरला. पूर्वी दीर्घकाळ जायबंदी असलेल्या खेळाडूच्या पगाराइतकी रक्कम मर्यादेबाहेर खर्च करता येत असे, आणि बाद फेरीत मर्यादा लागूच नसे. २०२०-२१ मध्ये टॅम्पा बे लाइटनिंगचा निकिता कुचेरोव्ह शस्त्रक्रियेमुळे साखळीतला एकही सामना खेळला नाही, बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात परतला, सर्वाधिक ३२ गुण मिळवले आणि चषक जिंकला. संघ मर्यादेच्या सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर वर होता, आणि हा आकडा छापलेला टी-शर्ट घालून कुचेरोव्हने विजय साजरा केला. नियम मोडलेला नव्हता, पण इतर संघांच्या चाहत्यांनी तो टी-शर्ट कधीच माफ केला नाही. २०२५-२६ पासून बाद फेरीत बर्फावर उतरणाऱ्या २० जणांचा पगारही मर्यादेत बसवावा लागतो.

येत्या काळात आकडे आणखी बदलणार आहेत. २०२६-२७ साठी १० कोटी ४० लाख आणि त्यापुढच्या हंगामासाठी ११ कोटी ३५ लाख अशी वाढत जाणारी मर्यादा लीगने जानेवारी २०२५ मध्येच जाहीर केली, आणि नव्या समझोत्यानुसार कराराची कमाल मुदत स्वतःच्या संघाशी सात व इतरांशी सहा वर्षे अशी खाली येते. संघांकडे पैसा वाढल्याने ते आपले खेळाडू बाजारात पोहोचूच देत नाहीत; २०२५ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडाने सॅम बेनेट, एरन एकब्लॅड आणि ब्रॅड मार्शंड या तिघांनाही राखले.

वाढत्या मर्यादेत 'महाग' म्हणजे किती, याची दोन अगदी विरुद्ध उत्तरे त्याच वर्षी मिळाली. सप्टेंबरच्या अखेरीस किरिल काप्रिझोव्हने मिनेसोटाकडून आठ वर्षांसाठी दर वर्षी १ कोटी ७० लाख डॉलर घेतले. लीगच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा करार होता. आठवडाभरात कॉनर मॅकडेव्हिडने, ज्याला बहुतेक जण जगातला सर्वोत्तम हॉकीपटू मानतात, एडमंटनशी फक्त दोन वर्षांचा, दर वर्षी १ कोटी २५ लाखांचा, म्हणजे आधीच्याच पगाराचा करार केला. सोडलेल्या पैशातून संघ मजबूत करा आणि २०२८ पर्यंत चषक जिंकून दाखवा, असा त्याचा अर्थ बहुतेकांनी लावला. ती मोकळी जागा कोणावर खर्च करायची, यावर एडमंटनच्या चाहत्यांचे अजून एकमत झालेले नाही.